बरा झालाय, मग गोळी कशाला?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: धाकटा भाऊ २६ वर्षांचा, सातपूरच्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर. आठ महिन्यांपूर्वी त्याची झोप उडाली. सोबतचे कामगार मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात म्हणायला लागला, एकटाच पुटपुटायचा. घरच्यांनी आधी त्र्यंबकला पूजा केली, मग मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. निदान स्किझोफ्रेनिया. रात्री ओलांझापिन १५ मिलिग्रॅम सुरू झाली. दोन महिन्यांत चांगला फरक पडला, आता कामावर जातो. पण वजन ११ किलोंनी वाढलं, सकाळी उठवत नाही, फर्स्ट शिफ्ट बुडते. आई म्हणते, बरा झालाय, आता झोपेच्या गोळ्या बंद करा, सवय लागेल. त्यात स्थळं यायला लागली आहेत. तर गोळी जन्मभर घ्यावी लागते का? कमी करता येते का? तो नको म्हणाला तर दुधातून दिली तर चालेल का?

ताई, तुमच्या आईचं हे वाक्य मी गेली बावीस वर्षं आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो. त्यात मूर्खपणा काहीच नाही. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो, तेच शहाणपण त्या इथं लावतायत. फक्त हा आजार तापासारखा वागत नाही, बीपीसारखा वागतो. गोळी चालू आहे म्हणून आकडा नीट आहे, पण दिसताना दिसतं ते असं की आकडा नीट आहे, मग गोळी कशाला.

आधी 'झोपेची गोळी' हा शब्द घरातून काढून टाका. ओलांझापिनने झोप येते हे खरं, पण तो तिचा जोडपरिणाम आहे. ती ज्या वर्गातली आहे त्याला अँटिसायकोटिक म्हणतात आणि तिचं मुख्य काम मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर आहे. समोर दिसणाऱ्या शंभर गोष्टींतली कुठली आपल्या कामाची आणि कुठली दुर्लक्ष करण्यासारखी, ही निवड करण्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. ते वाजवीपेक्षा जास्त सुटायला लागलं की प्रत्येक गोष्टीवर 'हे तुझ्यासाठी आहे' असा शिक्का बसतो. कॅन्टीनमध्ये कुणी मोबाइल वर उचलला, कुणी हसलं, सुपरवायझरने दोनदा बघितलं. तुम्हाआम्हाला त्यात काही नाही, तुमच्या भावाला त्यात कट दिसला. गोळी डोपामिनच्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसते आणि हा शिक्का हलका करते. साधारण ६५ ते ८० टक्के ग्राहक झाकले गेले की गुण येतो. ८०च्या वर गेलं की हातपाय ताठरणं, कंप, अस्वस्थता सुरू होते. गुण आणि त्रास यांच्यातली ही पट्टी अरुंद आहे, आणि आमचं निम्मं कौशल्य त्या पट्टीत राहण्यात जातं.

म्हणूनच गुणही पायरीपायरीने येतो. झोप आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात सुधारते, संशय आणि आवाज ओसरायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. माझा एक पेशंट सांगायचा, "आवाज बंद नाही झाले डॉक्टर, पण आता ते शेजारच्या घरात कुणी बोलावं तसे येतात. माझ्याशी बोलत नाहीत." इतकं झालं तरी माणूस कामावर जाऊ शकतो.

सवयीचं म्हणाल तर दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची लागते तशी याची लत लागत नाही. कुणी चोरून जास्त ओलांझापिन खाल्ल्याचं मी पाहिलेलं नाही. चोरून टाकून दिल्याचं मात्र रोज पाहतो. उशीच्या अभ्र्यात, कुंडीत, संडासात. पण शरीराला तिची सवय होते हे खरं आहे. एका दिवसात बंद केली तर झोप उडते, मळमळतं, जीव घाबरा होतो, आणि मूळ आजार परतल्यासारखं चित्र उभं राहतं. कधी तो खरोखरच परतलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. २०१२मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. बरे झालेल्यांपैकी ज्यांची गोळी चालू राहिली त्यांच्यात वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, ज्यांना औषधाऐवजी नुसती दिसायला तशीच गोळी दिली त्यांच्यात ६४ टक्क्यांचा. पहिल्याच झटक्यातून सावरलेल्यांवरचा एक जुना अभ्यास १९९९चा आहे. त्यात पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के जणांचा आजार एकदा तरी परतला, आणि औषध सोडल्याने ती शक्यता जवळजवळ पाच पटींनी वाढली. हे आकडे मी घाबरवायला सांगत नाही. २७ टक्क्यांचा अर्थ असाही आहे की गोळी घेऊनही काहींचा उलटतो, आणि ६४चा अर्थ असाही की न घेताही काही जण वर्षभर ठीक राहिले. अडचण एवढीच की तुमचा भाऊ कुठल्या गटात बसतो हे आज कुणालाच सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो, तो डॉक्टर असो की भगत, त्याच्यापासून जरा लांब राहा.

पहिल्याच झटक्यानंतर आम्ही साधारणपणे पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून किमान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवतो. आठ महिन्यांपूर्वी सुरुवात, त्यातले दोनेक महिने गुण यायला गेले, म्हणजे तो फार तर सहा महिने बरा आहे. आज बंद करणं घाईचं. त्यातही घरात लग्नाची गडबड, जागरणं, नवं माणूस, नव्या जबाबदाऱ्या. बंद करायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. जन्मभर का, याचं उत्तर आज 'नाही' पण नाही आणि 'हो' पण नाही. ज्यांना दोनतीनदा झटके येऊन गेले त्यांना मी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ सांगतो, काहींना कायमचं.

कमी करणं मात्र बंद करण्यापेक्षा वेगळं आहे, आणि त्याबद्दल आमच्यातही मतभेद आहेत. नेदरलँड्समध्ये २०१३ साली आलेल्या एका पाठपुराव्यात, लवकर डोस कमी केलेल्यांपैकी सात वर्षांनी ४० टक्के जण लक्षणं आणि कामधंदा दोन्ही बाबतींत सावरलेले निघाले. पूर्ण डोसवर राहिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. माणसं थोडी होती, शंभराच्या जरा वर. मग २०२३मध्ये ब्रिटनमधली २५३ जणांची चाचणी आली. त्यात हळूहळू कमी केलेल्यांत दोन वर्षांत गंभीर झटके २५ टक्के, चालू ठेवलेल्यांत १३. आणि कामाधंद्यात, लोकांत मिसळण्यात काही जास्त सुधारणा दिसली नाही. मला यातून एवढंच दिसतं की कमी करायचं असेल तर ते माणूस बघून, फार हळू आणि डोळे उघडे ठेवून करावं लागतं. मी स्वतः १५चे साडेबारा, मग १०, असं दर टप्प्यात काही महिने थांबून जातो. ५च्या खाली तर आणखी सावकाश, कारण शेवटच्या थोड्या मिलिग्रॅममध्येच ग्राहक भराभर उघडे पडतात. हाताशी गोळी ५ची आहे म्हणून ५वरून थेट शून्यावर उडी, हा हिशेब मेंदूला मान्य नसतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत मी आधी डोसला हात लावण्याऐवजी वेळेला लावला असता. ओलांझापिन शरीरातून निघायला सावकाश असते, ३० तासांनी निम्मी उतरते. रात्री साडेदहाला घेतली तर सकाळी सहाला डोकं दगडासारखं असणारच. ती आठला, जेवणाच्या आसपास घेऊन पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि दुसरं, कंपनीतल्या थर्ड शिफ्टबद्दल. सातपूर-अंबडच्या माझ्या कितीतरी पेशंटांचा आजार उलटला तो आठवडाभराच्या रात्रपाळीनंतर. जागरण हे या आजाराचं खतपाणी आहे. निदानाचं नाव न लिहिता 'वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये' एवढं पत्र आम्ही देतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते चालतं.

वजनाबद्दल मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे. ११ किलो ही 'थोडंसं वाढणारच' म्हणून सोडायची गोष्ट नाही. ओलांझापिन आणि तिच्याच वर्गातली क्लोझापिन या बाबतीत सगळ्यात वाईट. भूक वाढते ती साधी नाही. रात्री भाकरी-भाजी खाऊन उठलेला माणूस अकराला पुन्हा फरसाणाचा डबा उघडतो, सकाळी मिसळीबरोबर दोनाऐवजी पाच पाव आणि वर तर्री मागतो, आणि घरचे म्हणतात, तोंडाला ताबाच नाही. ताबा नसतोच, भुकेचा काटाच बिघडलेला असतो. सुरुवातीचं वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबी यांची नोंद औषध सुरू करताना व्हायला हवी, तीन महिन्यांनी पुन्हा आणि नंतर वर्षातून एकदा. झाली नसेल तर आता करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देता येते, चालणं वाढवता येतं. एरिपिप्राझोल किंवा लुरासिडोनसारख्या वजनाला सौम्य औषधावर हळूहळू नेता येतं, पण बदलताना आजार डोकं वर काढण्याचा धोका असतो, म्हणून ते लग्नसराईत करू नये. लुरासिडोनची एक गंमत: ती पोटभर जेवणाबरोबरच नीट शोषली जाते. श्रावणात एका माऊलींनी सोमवारचे, शनिवारचे असे उपास धरले, गोळी मात्र न चुकता घेतली, आणि 'औषध लागूच पडत नाही' म्हणून माझ्याकडे आल्या.

हे वजनाचं मी एवढं लांबवतोय त्याला कारण आहे. गोळी सोडणाऱ्यांना आपण 'समज नाही' म्हणतो. कधी ते खरं असतं, पण पुष्कळदा सोडण्यामागे सांगता न आलेला त्रास असतो. माझीच एक चूक सांगतो. निफाडकडचा द्राक्षबागायतदाराचा मुलगा, रिस्पेरिडोन या याच वर्गातल्या गोळीवर. तिसऱ्या आठवड्यात वडील म्हणाले, "वेड वाढलंय, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतो, जेवायलाही बसत नाही." मी ऐकलं, समोर गर्दी होती, डोस वाढवला. येरझाऱ्या आणखी वाढल्या. मग त्याने गोळ्या कुणाला न सांगता बंद केल्या आणि चार महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखा झाला. नंतर कधीतरी शांतपणे बसलेला असताना म्हणाला, "डॉक्टर, आवाज परवडले, पण पायातली ती तळमळ नको." ती आजाराची नव्हती, माझ्या गोळीची होती. तिला अकाथिसिया म्हणतात. डोस कमी करून, किंवा प्रोप्रानोलॉलसारखं साधं औषध देऊन ती आटोक्यात येते. मी त्याला बसवून "बेचैनी डोक्यात आहे की पायात?" एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. आता प्रत्येकाला विचारतो.

असाच दुसरा त्रास म्हणजे मान एका बाजूला पिळणं, डोळे वर चढणं, जबडा अडकणं. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, तरुण मुलांत, पहिल्या काही दिवसांत होतो. दिसायला इतका भयंकर की रात्री अकराला पंचवटीतून रिक्षात घालून आणलेल्या एका पोराच्या कपाळाला अंगारा आणि हातात लिंबू होतं. फेनर्गनचं इंजेक्शन दिलं. वीसपंचवीस मिनिटांत मान सरळ झाली आणि त्याने पाणी मागितलं. आजी माझ्याकडे बघत होती, मी लिंबाकडे.

पुरुष पेशंट एक गोष्ट बहिणीसमोर कधीच बोलणार नाहीत: इच्छा कमी होणं, ताठरता न येणं. रिस्पेरिडोन, अमिसलप्राइडने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून हे होतं. बायकांत पाळी थांबते, छातीतून दूध येतं. लग्न ठरलं की मुलं याच भीतीने गोळी सोडतात. म्हणून भावाला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या.

तो सिगारेट किंवा बिडी ओढतो का? धुराने ओलांझापिन आणि क्लोझापिनची रक्तातली पातळी खाली येते. हे धुरातल्या घटकांमुळे होतं, निकोटिनमुळे नाही; मळून खाल्लेल्या तंबाखूने होत नाही. म्हणून कुणी एकदम सिगारेट सोडली तर तोच डोस अचानक जड पडू शकतो. सोडायलाच हवी, पण आम्हाला सांगून. गांजा मात्र या आजारात अजिबात नको, 'कधीतरी मित्रांबरोबर'सुद्धा नको. आणि एप्रिल-मेच्या उन्हात जपायला हवं: ही औषधं शरीराची घाम गाळून थंड होण्याची यंत्रणा मंदावतात. छाटणीच्या कामावर जाणाऱ्या पेशंटांना मी पाण्याची बाटली आणि टोपी गोळीइतकीच बजावून सांगतो. ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि माणूस भ्रमिष्टासारखा, हे तिन्ही एकत्र दिसलं तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

'आयुर्वेदात काही नाही का' हेही तुमच्या मामांनी विचारलंच असेल. गंमत अशी की या औषधांच्या इतिहासात आपली सर्पगंधा पहिली आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिन या अँटिसायकोटिकने क्रांती झाली ती त्यानंतर, १९५२मध्ये. सर्पगंधेतलं रेसर्पिन पन्नासच्या दशकात जगभर वापरलं गेलं, पण रक्तदाब फार उतरायचा, माणसं उदास व्हायची, म्हणून मागे पडलं. तेव्हा कुणी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या तर त्या निरुपद्रवी समजून ओलांझापिनबरोबर चालू करू नका.

पूजेला माझा विरोध नाही. नारायण नागबळी तीन दिवसांची. त्या तीन दिवसांत घरच्यांनी गोळी थांबवली आणि मग ती पुन्हा सुरूच केली नाही, असे पेशंट मी मोजायचं सोडून दिलंय. पूजा करा, गोळी पिशवीत ठेवा.

लग्नाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. लपवू नका. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, लपवलं की पहिली गोष्ट कुठली होते? बायकोसमोर गोळी खाता येत नाही. हनिमूनला बॅगेतून स्ट्रिप काढून ठेवलेली मी पाहिली आहे. मुलीला, तिच्या घरच्यांना, मुलाच्या संमतीने आणि त्याच्याच तोंडून सांगा. काही स्थळं जातील. वर्षभर थांबलात तर सांगायलाही सोपं जाईल.

राहिलं दूध. ताई, नको. त्याचा मूळ संशयच 'लोक माझ्याविरुद्ध गुपचूप काहीतरी करतायत' हा होता. एक दिवस त्याला ग्लासच्या तळाशी पांढरं दिसेल आणि त्या दिवशी त्याचा संशय खरा ठरेल, तोही आईच्या हातून. मग तो घरचं जेवणही सोडतो. शिवाय चहात घालायची तर रिस्पेरिडोनचं द्रावण चहात किंवा कोलात चालतच नाही, औषध बिघडतं. तो नको म्हणालाच तर आधी का नको ते ऐका. वर सांगितलेल्यापैकी काहीतरी निघेल. रोज गोळी दिसण्याचाच वैताग असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. आणि तो आज बरा आहे, तर आजच त्याला विचारून ठेवा: पुन्हा बिघडलं तर तुला काय केलेलं चालेल, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ, कुणी तुझ्या वतीने बोलावं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे लिहून ठेवण्याचा हक्क त्याला दिला आहे. साध्या कागदावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी पुढच्या वेळी भांडण निम्मं होतं, हा माझा अनुभव. कायद्याने ग्राह्य धरायचं तर रीतसर नोंदवावं लागतं.

त्या कागदावर त्याच्या खुणाही लिहून घ्या. त्याची पहिली खूण झोपेची होती, ते तुम्हीच लिहिलंय. दोन रात्री सलग तो चारपर्यंत जागा दिसला, तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ते नाही सापडले तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो.